डाव्या खांद्याची बंदूक

इनासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोस्टाच्या रांगेत उभी होते. फोन त्याच्या शेजारणीचा. रोज सकाळी तिच्या कुत्र्याला बिस्किट द्यायला कुंपणाशी येणारा म्हातारा त्या दिवशी आला नाही, म्हणून ती बघायला गेली, तर हा व्हरांड्यातल्या खुर्चीत, बुटांच्या नाड्या बांधून, तयार होऊन बसलेला... कुठे निघाला होता कोण जाणे. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, कुणाला रजा काढायला लावली नाही. मला आधी रडू आलं नाही, रागच आला. आदल्या रविवारी आम्ही दोघं फोनवर टोमॅटोच्या रोपांवरून भांडलो होतो आणि "पुढच्या आठवड्यात बघतो तुझ्याकडे" म्हणून त्याने फोन ठेवला होता. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायची त्याची खोड लहानपणापासूनची. माझा नंबर आला, खिडकीतल्या मुलीने "यू ओके, लव्ह?" असं विचारलं, आणि मग मात्र मला तिथल्याच बाकावर बसावं लागलं.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. चर्चमध्ये लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलले. ऑफिसातले जुने सहकारी आले होते, त्यांनी त्याच्या नकाशांची आणि अक्षराची तारीफ केली. शिकारीतल्या सोबत्यांनी त्याच्या पायांची तारीफ केली. एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नाही, कारण ती आम्हा तिघांनाच माहीत होती : त्याला, मला आणि माझ्या मुलीला. त्या गोष्टीत चूक माझी आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

इनासदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वसईतल्या आमच्या केळीच्या बागेतून निघून तो सत्तरच्या सुमाराला ऑस्ट्रेलियात आला, गिप्सलँडमधल्या एका वीजकेंद्रात ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि ट्रॅरॅल्गनला घर घेऊन राहिला. लग्न केलं नाही. का, ते विचारलं की घरामागच्या शेडकडे बोट दाखवायचा, तिथे त्याची सुतारकामाची हत्यारं होती. पंचाहत्तर साली मी, माझा नवरा जोसेफ आणि सहा वर्षांची स्मिता असे तिघं मेलबर्नला आलो आणि डँडेनाँगला बिऱ्हाड केलं, तेव्हा विमानतळावर तो न्यायला आला होता, आणि गाडीत आमच्या बॅगांसाठी जागा नव्हती, कारण मागे अर्धं सांबर होतं. दर हिवाळ्यात तो डोंगरात शिकारीला जायचा. सांबर मूळचं आपल्याकडचंच, गोऱ्यांनी कधीतरी बोटीतून आणून इथल्या रानात सोडलेलं. "माझ्याआधी आलंय, सीनियर आहे, मान ठेवून मारतो," असं तो म्हणायचा. मटण डब्यात भरून इथल्या आपल्या लोकांच्या सगळ्या घरांतून वाटायचा. मी त्याचं व्हिनेगर घालून लोणचं करायचे, आणि ते वर्षभर पुरवायची जबाबदारी माझी असे, कारण दादाच्या हाती बरणी लागली की तो तळ गाठायचा.

आता माझ्याविषयी. मी वसईला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझ्या वर्गातली मुलं नीटनेटकी आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं, असं हेडमास्तर इन्स्पेक्टरला सांगायचे. डावखुरं मूल माझ्या वर्गात आलं की वर्षअखेरीला ते उजव्या हाताने लिहून बाहेर पडायचं, आणि याचा मला अभिमान होता, उगाच कशाला खोटं बोलू? मग माझ्याच पोटी डावखुरी मुलगी आली. मी लहानपणापासून तिच्या डाव्या हातातून चमचा काढला, खडू काढला, पेन्सिल काढली, कात्री काढली. मारलं नाही कधी. नुसतं काढून उजव्या हातात द्यायचं, दिवसातून पन्नास वेळा, हसतमुखाने. इथल्या शाळेतली तिची टीचर मला म्हणाली होती, की लेफ्टी आहे ती, असू दे. मी म्हटलं, नो वरीज, आय विल मॅनेज. आणि केलं मॅनेज. अकरा वर्षांची झाली तेव्हा स्मिता सगळं उजव्या हाताने करत होती. फक्त सगळं हळू करत होती, वाकडं करत होती, आणि तिच्या हातून रोज काहीतरी सांडत होतं. शाळेत ती गप्प असायची. मी तिला वेंधळी म्हणायचे. लाडाने म्हणायचे असं मला वाटायचं.

ती मोकळी असायची ती मामाबरोबर. आठ वर्षांची असल्यापासून दादा तिला रानात नुसतं चालायला न्यायचा. पाऊल कसं टाकायचं, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, चिखलातला खूर ताजा की कालचा, हे सगळं तिला यायला लागलं. मामाभाची चार-चार तास न बोलता हिंडायची आणि संध्याकाळी घरी येऊन माझं डोकं खायची. अकराव्या वाढदिवसाला काय हवं असं मी विचारलं, तर म्हणाली, मामासारखी बंदूक. जोसेफने पेपरमधून मान वर न करता सांगितलं, "तू आणि तुझा भाऊ काय ते ठरवा." दादाने फोनवर दोन अटी घातल्या. बंदूक भेट म्हणून द्यायची नाही, मुलीने हातात धरून निवडायची. आणि निवडताना आई हजर पाहिजे.

म्हणून ऐंशी सालच्या एका शनिवारी आम्ही तिघं ट्रॅरॅल्गनजवळच्या एका दुकानात गेलो. बिल नावाचा म्हातारा मालक, भिंतीवर ओळीने बंदुका. मी ज्या घरातून आले तिथे पोरांचं सगळं वाढत्या मापाचं घ्यायचं. झगा घोट्यापर्यंत, बुटात पुढे कापूस. त्या हिशेबाने मी एक चांगली लांबरुंद रायफल पसंत केली आणि म्हटलं, ही घेऊ, चार-पाच वर्षं तरी बघायला नको. दादाने कपाळाला हात लावला.

"अगं बाई, हा काय शाळेचा युनिफॉर्म आहे, दुमड उसवून लांब करायला?"

मग त्याने मला समजावलं. लांब बंदूक पोराच्या खांद्यात नीट बसत नाही, गाल तिच्यावर टेकत नाही, आणि बार झाला की धक्का भलतीकडेच लागतो. पोर एकदा घाबरलं की जन्मभर चाप ओढताना डोळे मिटतं. आणि डोळे मिटून मारलेली गोळी जनावराला मारत नाही, नुसतं जखमी करून रानात सोडते. "ते पाप माझ्या भाचीच्या हातून नको," असं तो म्हणाला. त्यातलं काही खोडण्यासारखं नव्हतं.

बिलने एकेक लहान बंदूक काढून, रिकामी आहे हे तीनदा दाखवून, स्मिताच्या हातात दिली. दारावरच्या घड्याळाकडे नेम धरायला सांगितला. तिने ती उजव्या खांद्याला लावली, आणि मान अशी काही तिरकी केली की गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून पार पलीकडे गेला. बिल म्हणाला, मान सरळ, लव्ह. तिने सरळ केली. पुन्हा घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा तिरकी झाली. दुसऱ्या बंदुकीला तेच, तिसरीला तेच. तिचे कान लाल झाले.

"सॉरी," ती म्हणाली. "आय'म जस्ट क्लमझी, मामा."

"कुणी सांगितलं?"

"एव्हरीबडी नोज."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून गेल्या रविवारचं चर्चचं पत्रक काढलं, मधोमध बोटाने भोक पाडलं आणि तिच्या दोन्ही हातांत दिलं. हात लांब कर, भोकातून माझं नाक बघ, आता नाकावरची नजर न सोडता कागद हळूहळू स्वतःच्या तोंडाशी आण. कागद आला तो थेट तिच्या डाव्या डोळ्यावर. त्याने तीन वेळा करायला लावलं, तिन्ही वेळा डाव्यावर. मग तो बिलला म्हणाला, ती मधून मोडून उघडते ती काढ. ती बंदूक साधीशीच होती. एका वेळी एकच गोळी बसणारी, आणि बोल्ट वगैरे बाजूला काही नसल्यामुळे कुठल्याही हाताला सारखी. "आता डोकं नको चालवू, हवी तशी धर," एवढंच त्याने तिला सांगितलं. स्मिताने ती डाव्या खांद्याला लावली. गाल टेकला, मान सरळ राहिली, आणि घड्याळाकडे बघताना ती अजिबात हलत नव्हती. माझ्या पोरीला इतकं स्वस्थ उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं... आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला.

भांडण बाहेर त्याच्या युटजवळ, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीजवळ झालं. स्मिता आत बिलशी बोलत होती.

"पोरगी डावखुरी आहे," दादा म्हणाला.

"होती," मी म्हणाले.

"होती? कधी बरी झाली?" मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, "दोन डोळ्यांतला एक मालक असतो आणि एक भाडेकरू. हिचा मालक डावा आहे. तू सहा-सात वर्षं भाडेकरूला घरभाडं मागते आहेस."

मी म्हटलं, तुला पोरं नाहीत, तुला काय कळतं? हे बोलायला नको होतं. तो युटच्या दाराला टेकला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला की तोही डावखुराच. बाबांनी दोन वर्षं त्याचा डावा हात केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीने, कमरेला बांधून ठेवला होता, जेवताना आणि अभ्यास करताना. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. चौतीस वर्षांची होईपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानेही नाही. पण मी शिक्षिका. मी लगेच म्हटलं, मग बघ, सुटली ना सवय? तुझं अक्षर कसं छापल्यासारखं आहे! त्याने स्वतःचा उजवा हात उलटापालटा करून बघितला. "अक्षर छान आहे," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "बंदूक डावी घ्यायची तर पेन्सिलही डावी. रानात एक आणि घरात एक, असं मी पोरीला करायला लावणार नाही. तू हो म्हण, मग मी घेतो. नाहीतर नको." आणि भांडण तिथेच अर्ध्यावर सोडून तो आत गेला.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दोन तासांच्या रस्त्यात स्मिता मागच्या सीटवर काचेला नाक लावून बसली होती. रडली नाही, हट्ट केला नाही. स्वतःच्या वेंधळेपणामुळे बंदूक हुकली, अशी तिने समजूत करून घेतली होती, आणि ती दुरुस्त करायची तर मला तोंड उघडावं लागलं असतं. मी उघडलं नाही. तीन आठवडे नाही. तीन आठवडे ती शाळेतून यायची, टेबलाशी बसायची, उजव्या हातात पेन्सिल धरून जीभ बाहेर काढून लिहायची, आणि मी भाजी चिरता चिरता तिच्याकडे बघायचे. आधीही रोज बघायचे, पण तेव्हा मी अक्षर बघायचे.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तिची वही घेतली, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि अ पासून लिहायला बसले. अशी शिक्षा मी किती पोरांना दिली असेल, मोजदाद नाही. क लिहिला तो उलटा पडला. ख चे दोन तुकडे झाले. घ ला पेन्सिलीचं टोक मोडलं. च पर्यंत येईतो मान आखडली, ट पर्यंत मनगट दुखायला लागलं, आणि मी बघते तर माझी जीभ बाहेर आलेली. तिथे मी थांबले. मला थांबता येत होतं. पोरीला मी सहा वर्षं थांबू दिलं नव्हतं... तेव्हा मात्र मी रडले, आणि बराच वेळ रडले.

साडेतीनला ती आली. मी वही समोर ठेवली, पेन्सिल तिच्या डाव्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, हव्या त्या हाताने लिही. तिने पेन्सिलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इज इट अ टेस्ट?"

"नाही गं. चूक माझी होती. सॉरी."

तिने दार वाजलं तर परत ठेवता येईल अशा बेताने पेन्सिल उचलली. पहिली ओळ भयंकर आली. पण भराभर आली. संध्याकाळपर्यंत तिने पाच पानं भरली आणि त्या दिवशी टेबलावरचा पाण्याचा ग्लास जागच्या जागी राहिला. मी दादाला फोन केला.

"घे ती बंदूक."

"घेतली," तो म्हणाला. "गेल्या महिन्यातच सांगून ठेवली होती बिलला."

"जेवताना मात्र उजवाच हात हं, सांगून ठेवते."

"मान्य, बाई," असं म्हणून तो इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

बंदूक तशी स्मिताला लांबच होती. दादाने तिचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजला, दस्ता मागून दीड इंच कापला, आणि कापलेला तुकडा पातळ चकत्या करून बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवला. "हे तुझं वाढतं माप," मला डबा हलवून दाखवत म्हणाला. पुढे दर वाढदिवसाला स्मिताचा हात मोजायचा आणि हात वाढला असेल तर एक चकती परत चिकटवायची, असा त्यांचा रिवाजच झाला. सोळाव्या वर्षी डबा रिकामा झाला. बंदूक आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने एकही गोळी झाडली नाही. दोनदा सांबर समोर आलं, दोनदा तिने नेम धरला आणि खाली घेतला. मध्ये फांद्या होत्या, नीट दिसत नव्हतं, म्हणून. दादा हे सगळ्यांना इतक्या कौतुकाने सांगत सुटला, की ऐकणाऱ्याला वाटावं तिने दोन सांबरं मारली. दुसऱ्या हिवाळ्यात खरंच मारलं, एका गोळीत. त्या लोणच्याची बरणी दादाने एकट्याने संपवली आणि मी काही बोलले नाही.

स्मिता युनिला गेल्यावर शिकार मागे पडली. आज ती सर्व्हेअर आहे, पंचावन्नची होईल, आणि तिचं अक्षर भयानक आहे. मामाकडे मात्र महिन्यातून एकदा जायचीच. तिची ती बंदूक त्याच्याच कुलपाच्या कपाटात होती. तो गेल्यावर रीतसर पोलिसांना कळवलं, ते आले, सगळ्या बंदुका नेल्या, कागदावर सही घेतली. माझ्या मनाला काही झालं नाही. स्मिताच्या बंदुकीच्या दस्त्यावर चकत्या चिकटवल्याच्या चार रेघा दिसत होत्या तेवढ्या बघून घेतल्या.

परवा शनिवारी आम्ही दोघी त्याची शेड आवरायला गेलो. इतक्या वर्षांत मी त्या शेडमध्ये कधी धड पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या गाडीचा आवाज आला की दादा हातातलं हत्यार खाली ठेवून, हात पुसत दारात यायचा आणि मला घरात घेऊन जायचा. मला वाटायचं, बहिणीचा मान ठेवतो. आत करवती, रंधे, पटाश्या भिंतीवर ओळीने लावलेल्या. बहुतेकांच्या मुठी त्याने स्वतः लाकूड कोरून बसवलेल्या. एक करवत मी उचलली. ती हातात बसेना. अंगठ्याखाली उंचवटा येत होता, बोटांना खाचा सापडत नव्हत्या. मी म्हटलं, म्हातारपणी नजर गेली असावी, काय वेडीवाकडी मूठ केली आहे. स्मिताने ती माझ्याकडून घेतली आणि डाव्या हातात धरली. चारही बोटं खाचांत गेली.

तिने दुसरं हत्यार उचललं, मग तिसरं. सगळी तशीच. नकाशे, सह्या, चर्चमधली क्रुसाची खूण, जेवण, माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं आयुष्य त्याने उजव्या हाताने केलं, आणि शेडचं दार लावून घेतलं की तो स्वतःच्या हाताने काम करत होता. माझ्यापासूनही लपवत होता. "सुटली ना सवय?" असं मी त्याला एकदा विचारलं होतं, त्यानंतर माझ्यासमोर करायची त्याला सोय तरी कुठे राहिली होती? मला वाईट वाटलं. पण त्या मुठी इतक्या गुळगुळीत होत्या, हाताच्या तेलाने इतक्या काळ्याभोर झालेल्या होत्या, की या चार भिंतींत माणूस सुखात होता याबद्दल मला शंका राहिली नाही.

सुतारकामाच्या टेबलाला लावलेल्या शेगड्यात एक फळी आवळलेली होती, अर्धी कापून ठेवलेली. स्मिता म्हणाली, "मम, शॅल आय?" मी मान हलवली आणि बाहेर येऊन दारात उभी राहिले. ती डाव्या हाताने कापत राहिली, भुसा तिच्या बुटांवर पडत राहिला. मी दारातून बघत होते, आणि या वेळी कुणी हत्यार खाली ठेवलं नाही.